लुम्बायचे अकरा भाऊ

"राबानो!" बाबांनी चर्चच्या पायरीवरून ओरडून वाचलं.

"हे मला द्या," पोर्फिरियो कोळी गर्दीतून पुढे येत म्हणाला. "भारदस्त वाटतंय."

आंब्याखाली मेज टाकून बसलेल्या कारकुनानं मान वर केली, पोर्फिरियोला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि गालातल्या गालात हसत वहीत लिहून टाकलं. पोर्फिरियो छाती काढून घरी गेला. राबानो म्हणजे स्पॅनिश भाषेत मुळा, हे त्याला सहा वर्षांनी कळलं. तोवर त्यानं ते नाव होडीच्या दोन्ही अंगांना लाल रंगात रंगवून घेतलं होतं, आणि कळल्यावरही पुसलं नाही. "मुळा तर मुळा," तो म्हणाला, "सगळ्या समुद्रात दुसरा कुणी आहे का?"

त्या सकाळी आमच्या मालाबाग गावाला आडनावं वाटली जात होती. सन अठराशे पन्नास. फिलिपाइन्सच्या बेटांवर स्पेनच्या राजाचा अंमल बसून तेव्हा पावणेतीनशेहून जास्त वर्षं झाली होती. पहिल्या पाद्रींनी आमच्या लोकांना बाप्तिस्मा दिला तेव्हा ज्याला त्याला 'दे ला क्रुझ' नाहीतर 'दे लोस सान्तोस' करून टाकलं होतं. 'दे लोस सान्तोस' अशी हाक मारली की अर्धं गाव वळून बघायचं. मग मनिलाहून हुकूम निघाला: प्रत्येक कुटुंबानं एक नवं आडनाव घ्यायचं. त्यासाठी स्पॅनिश शब्दांचं एक जाडजूड पुस्तक छापलं होतं. त्याची पानं सुटी करून गावोगाव धाडली. पलीकडच्या गावाला 'ब'ची पानं मिळाली, डोंगरामागच्या गावाला 'ओ'ची, आम्हाला 'र'ची. त्या 'र'मधलं जे आवडेल ते उचलायचं.

अर्थ कुणालाच कळत नव्हता. माझे बाबा, मासेओ, चर्चमध्ये गायचे आणि पाद्रींची लिहिण्याची कामं करायचे. त्यांना अक्षर येत होतं, स्पॅनिश मात्र निम्मीच येत होती. त्यांनी स्वतःसाठी 'रोसाल' घेतलं. "गुलाबाचं झाड आहे बहुतेक," ते मला म्हणाले. "नसलं तरी लिहायला सोपं." मग ते परत पायरीवर जाऊन पानं वाचायला लागले.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. माझं नाव बासिलिया. घरात बाबा आणि मी दोघंच. दिवसभर मी मागावर अबाकाचं कापड विणायची. अबाका हे केळीसारखंच दिसणारं झाड, त्याच्या सोपटातून चिवट वाख निघतो. तो वाख डोंगरातून काढून आणणाऱ्या पोरांमध्ये एलेउतेरियो होता. एवढं लांब नाव कुणाच्या तोंडात बसणार? सगळे त्याला तेर्यो म्हणत. उंच, हात सोपटाच्या डागांनी काळे, आणि कधीही एका जागी न बसणारा. आमचं लग्न ठरलं होतं. त्याचे आईवडील देवीच्या साथीत गेले होते. त्याला वाढवलं ते त्याच्या आत्यानं, उर्बानानं. 'तिया' म्हणजे आमच्याकडे आत्या. सगळं गावच तिला तिया म्हणायचं. ती कोळ्यांची जाळी विणायची, आणि कुणाच्या मर्तिकाला किंवा लग्नाला जुन्या माणसांची नावं गाऊन म्हणायची असली की तिलाच बोलावणं जायचं.

तेर्यो त्या दिवशी डोंगरात होता. त्याच्या वतीनं तिया मेजापाशी आली. मी शेजारीच उभी होते.

"कुठलं आडनाव?" कारकुनानं विचारलं.

तिया माझ्याकडे वळली. "तुम्ही काय घेतलंत गं?"

"रोसाल."

"म्हणजे?"

"गुलाबाचं झाड. बहुतेक."

"मग आम्हालाही तेच. मी आणि माझा भाचा तेर्यो."

कारकून वैतागला. उन्हानं त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. "एकाच घरचे का तुम्ही?"

तियानं माझा हात धरला, मला डोळा घातला आणि म्हणाली, "एकाच घरचे. म्हणजे आता झालोच म्हणा."

मी तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. पण माझे कान असे गरम झाले होते, आणि 'एकाच घरचे' हे शब्द इतके गोड लागत होते, की मी नुसती आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत उभी राहिले. कारकुनानं लिहिलं. दुपारी वहीच्या दोन प्रती झाल्या. एक चर्चमध्ये राहिली, दुसरी घोड्यावर बसून कारकुनाबरोबर जिल्ह्याच्या गावी गेली.

दोन महिन्यांनी आमचे जुने पाद्रे मायदेशी परतले आणि पाद्रे अनसेल्मो आले. वय अठ्ठावीस, नाक उन्हानं सोललेलं. आमची भाषा ते तोंडात गरम रताळं धरल्यासारखी बोलायचे, पण बोलायचे. आम्ही लग्नाची वर्दी द्यायला गेलो, तेर्यो, मी आणि बाबा. त्यांनी वही उघडली, ओळींवरून बोट खाली आणलं आणि थांबले.

"हे लग्न होऊ शकत नाही."

"का, पाद्रे?"

"तुम्ही भाऊबहीण आहात."

तेर्यो फसकन हसला. पाद्रे हसले नाहीत. त्यांनी वही फिरवून आमच्यापुढे धरली आणि वाचून दाखवलं, "कुटुंबप्रमुख, मासेओ रोसाल. मुलगी, बासिलिया. मुलगा, एलेउतेरियो. कुटुंबप्रमुखाची बहीण, उर्बाना."

"पाद्रे," बाबा म्हणाले, "मला एकच मुलगी आहे. आज एकोणीस वर्षं मी तिला एकटीलाच जेवायला हाक मारतोय."

"मग हा कोण?"

"हा तेर्यो. सगळ्या गावाला माहीत आहे."

"मला गाव माहीत नाही. मला वही माहीत आहे." त्यांनी बाप्तिस्म्याची जुनी वहीसुद्धा काढली. "इथे पाहा, वडिलांची पहिली नावं वाळवीनं खाल्लीत. हिचे वडील दे लोस सान्तोस. याचे वडील दे लोस सान्तोस. आता मी काय समजू? उद्या मी खरोखरच्या भावाबहिणीचं लग्न लावलं तर देवाला काय सांगू?"

ते दुष्ट नव्हते. भ्यायले होते. एवढ्या लांब, एकटे, आणि एका वहीच्या भरवशावर.

आम्ही बाहेर आलो. दहा पावलं गेल्यावर तेर्यो माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "काय ताई, ऊन फार आहे नाही?"

घरी गेल्यावर मी त्याला मागाचा धोटा फेकून मारला. तो चुकवून पळाला, पण गावाला तेवढं पुरलं. आठवडाभर पोरं मला बघून विचारायची, "भाऊ कसा आहे?" पोर्फिरियोनं तर बाबांना मुलगा झाल्याबद्दल एक मासा आणून दिला. बाबांनी तो मुकाट्यानं रांधला. चांगला होता.

हसू ओसरलं तसा घोर लागला. तेर्यो एका दुपारी मागापाशी येऊन बसला. दोन्ही पाय हलत होते.

"डोंगरात जाऊ आपण," तो म्हणाला. "वरच्या रानात कितीतरी माणसं राहतात. तिथे ना वही ना पाद्रे."

"आणि बाबा? डोंगरात पळालेल्याच्या सासऱ्याला चर्चमध्ये कोण गाऊ देईल?"

"मग काय करू? सांग तू."

"मला चार दिवस दे."

त्याचे पाय थांबले. माझ्यावर त्याचा एवढा विश्वास आहे हे मला त्या पायांवरून कळलं.

तिया तर कोलमडलीच होती. जाळं तसंच मांडीवर टाकून बसायची, विडासुद्धा खात नव्हती. "मीच केलं हे," म्हणायची. "गुलाबाचं झाड हवं होतं ना मला! एवढं आपलं घरचं नाव असताना."

"घरचं नाव?" मी विचारलं.

"बानाआग. तेर्योचा बाप बानाआग, त्याचा बाप बानाआग. पाद्रींच्या वहीत सान्तोस, पण उंबऱ्याच्या आत बानाआग." बानाआग म्हणजे झुंजूमुंजूचा उजेड, सूर्य वर यायच्या आधीचा.

मी घरी गेले आणि बाबांच्या फळीवरून आडनावांच्या त्या हुकुमाची नक्कल काढली. बाबांनी मला अक्षरं शिकवली होती, पण स्पॅनिश माझी त्यांच्याहून कच्ची. एकेक ओळ मी बोटाखाली धरून वाचायची, अडलेला शब्द बाबांना विचारायची, त्यांना अडला की आम्ही दोघं छताकडे बघायचो. तिसऱ्या दिवशी सापडलं. ज्या कुटुंबानं आपलं जुनं, इथलंच नाव चार पिढ्या चालवलंय असं सिद्ध होईल, त्यानं तेच ठेवावं.

मी पळत चर्चमध्ये गेले. मागोमाग बाबा आले. पाद्रे अनसेल्मोंनी ती ओळ दोनदा वाचली. त्यांच्या कपाळावरची आठी थोडी सैल झाली. मला वाटतं त्यांनाही सुटका हवी होती.

"हे मला लागू करता येईल," ते म्हणाले. "घराणं वेगळं ठरलं की भाऊबहीण नाही. पण पुरावा लागेल. रविवारी मासनंतर, चर्चमधली उपासना संपली की, या. कागद आणा."

तियाला हे सांगितलं तेव्हा तिनं पहिल्यांदा विडा लावला. "कागद नाही," ती म्हणाली. "मी आहे."

रविवारी मास संपला, पण गाव घरी गेलं नाही. चर्चला लागून पाद्रींचं घर होतं, वर मोठा दिवाणखाना. जिन्यावर, खिडक्यांत, खाली अंगणात माणसंच माणसं. पोर्फिरियोनं सगळ्या कुटुंबाला आणलं होतं, खायला भाजलेली कणसं घेऊन. बाबा लिहायला बसले. तेर्यो आणि मी भिंतीपाशी, मध्ये चार माणसं राहतील एवढं अंतर ठेवून. न जाणो, भाऊबहिणीनं किती जवळ उभं राहावं याचाही काही नियम असेल.

पाद्रेंनी तियापुढे क्रूस धरला.

"चार पिढ्यांची शपथ घेते," तिया म्हणाली. "चार पिढ्या, खऱ्या."

गावातले सर्वांत म्हातारे दोघे, सोतेरो आणि विधवा कानुता, साक्षीला उभे राहिले. सोतेरो ऐंशीच्या घरातला, कानानं कमी, म्हणून त्याला तियाच्या अगदी पुढ्यात बसवलं.

तियानं घसा साफ केला आणि गायला लागली. तिचा आवाज बसल्यासारखा होता, पण त्याला एक झोका होता, होडी बांधलेली असताना पाण्यावर हलते तसा.

"एलेउतेरियो हा कायेतानोचा. कायेतानो, घरात सिनाग, हा बानाआग. सिनागचा बाप दालिसाय, ज्यानं पहिली विहीर खणली. दालिसायचा बाप गातमाय, ज्याचा एक पाय मगरीनं नेला. गातमायचा बाप लुम्बाय, बानाआग, ज्याच्या पावलांनी ही वाट पडली."

"खरं आहे," कानुता म्हणाली. सोतेरोनं मान हलवली. बाबांच्या टाकाचा आवाज ऐकू येत होता.

"झाल्या," पाद्रे म्हणाले. त्यांनी चार बोटं वर करून दाखवली. "चार पिढ्या. पुरे."

तिया थांबली नाही. "आणि लुम्बायचे भाऊ..."

"आजीबाई, पुरे झालं."

तियानं डोळे उघडले. "पाद्रे, येशूबाळाच्या जन्माच्या सणाआधी तुम्ही चर्चमध्ये काय वाचता? अब्राहामपासून इसहाक, इसहाकापासून याकोब. केवढं लांब असतं ते! आमची लेकरं झोपून जातात. आम्ही कधी म्हटलं का, पाद्रे, पुरे?"

मग पाद्रे अनसेल्मोंच्या सोललेल्या नाकापासून हसू सुरू झालं आणि सगळ्या चेहऱ्यावर पसरलं. ते खुर्चीत बसले, बाबांना खुणेनं म्हणाले, लिहा.

"लुम्बायचा भाऊ पातोग," तियानं सूर पुन्हा पकडला, "ज्याच्या खांद्यावर दोन पोरं बसत. लुम्बायचा भाऊ बुलान, शीळ घालून पाखरं बोलावणारा. लुम्बायचा भाऊ दागितोय, डावखुरा..."

नावामागून नाव. बाबांचा हात एकदा थबकला, दागितोयपाशी. त्यांनी तियाकडे पाहिलं. तियानं त्यांच्याकडे पाहिलं नाही. ते पुन्हा लिहायला लागले. जिन्यावरची म्हातारी माणसं सरकत दारापाशी आली.

"एका लुम्बायला भाऊ तरी किती?" शेवटी पाद्रेंनी विचारलं.

"अकरा," तिया म्हणाली.

"धन्य ती माउली!"

तेव्हा सगळा दिवाणखाना हसला. हसत असताना कानुता पदरानं डोळे पुसत होती. मला वाटलं, हसूनच पाणी आलं असेल.

पाद्रेंनी अकराही नावं लिहून झालेला कागद वाचून घेतला, खाली सही केली, आणि मोठ्यानं म्हणाले, "एलेउतेरियो बानाआग." तेर्यो एका उडीत ते चार माणसांचं अंतर ओलांडून माझ्यापाशी आला. तोवर खाली अंगणात पोर्फिरियोच्या पोरांनी डबे बडवायला सुरुवात केली होती. तेर्योनं मला विचारलं, "आता तुला काय म्हणू?" मी म्हटलं, "बासिलिया म्हण, गाढवा."

आमचं लग्न पुढच्या महिन्यात झालं. सकाळपासून तीन डुकरं भाजत होती, नारळाच्या दुधातला भात एवढा शिजला की पलीकडच्या 'ब'वाल्या गावाची माणसंही जेवून गेली. बाबांनी मासमध्ये असं गायलं की पाद्रे अनसेल्मो आपली ओळ म्हणायला विसरले. तेर्यो नाचताना दोनदा पडला. दुपारी माझे पाय सुजले तेव्हा मी तियाशेजारी जाऊन बसले. ती सुपारी कातरत होती. मला सहज आठवलं म्हणून मी विचारलं.

"तिया, लुम्बायला खरंच अकरा भाऊ होते?"

"एक होता."

"मग बाकीचे दहा?"

ती कातरत राहिली. "राजाची मोठी गलबतं आपल्या किनाऱ्यावर बांधायचे तेव्हा. लाकूड तोडायला, ओढायला गावोगावची माणसं धरून न्यायचे. इथून नेलेली परत नाही आली. गाडलं कुठे ते माहीत नाही, त्यांच्या नावानं मास झाला नाही, कुठल्या वहीत नाव नाही. मला माझ्या आजीनं शिकवली ती नावं. मी म्हटल्याशिवाय ती कुठेच नव्हती." तिनं एक फोड माझ्या हातावर ठेवली. "पातोग सोतेरोचा आजा. दागितोय तुझ्या बाबांच्या आज्याचा चुलता. बुलान कानुताकडचा."

"पण तू शपथ घेतलीस."

"चार पिढ्यांची. त्या चार खऱ्याच होत्या. पुढचं पाद्रेंनी मागितलं नव्हतं, मी आपणहून दिलं." ती हसली. तोंड लालभडक झालं होतं. "सगळ्या गावाला नावं वाटायला निघाले होते ना. म्हटलं, यांनाही घ्या."

तेवढ्यात तेर्यो मला ओढून नाचायला घेऊन गेला. मी नाचले. पण वळताना एकेका म्हाताऱ्या तोंडाकडे बघत होते, आणि मला दिसत होतं की त्या सगळ्यांना त्या दिवसापासून ठाऊक होतं. आम्हा पोरांनाच नव्हतं.

लग्नानंतरच्या सोमवारी सकाळी मी बाबांना न्याहारी द्यायला पाद्रींच्या घरी गेले तर जिन्यावर सोतेरो बसला होता. अंगात धुतलेला सदरा, केसांना तेल.

"तो कागद वहीत शिवला म्हणे," तो म्हणाला. "बघू दे."

बाबांनी वही काढून मेजावर ठेवली. सोतेरोला अक्षर येत नव्हतं. त्याच्यामागे कानुता आली होती, तिच्यामागे तिच्या दोन लेकी, आणि त्यांच्यामागे जिन्याच्या पायऱ्यांवर अंगणापर्यंत माणसं उभी होती.

पाद्रे अनसेल्मो आतून आले. ती रांग बघून त्यांनी बाबांना विचारलं, "या सगळ्यांना काय हवंय?"

बाबा उभे राहिले. "पाद्रे, ही नातेवाइकांना भेटायला आलीत."

पाद्रेंनी वहीकडे पाहिलं, सोतेरोकडे पाहिलं, खाली पार अंगणापर्यंत पाहिलं. त्यांना किती समजलं हे मला आजही माहीत नाही. ते खिडकीपाशी गेले, शिंपल्यांची तावदानं दोन्ही हातांनी सरकवून पूर्ण उघडली, आणि उजेड मेजावर पडला.

मी सोतेरोचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं.

"पातोग," मी त्याच्या कानाशी मोठ्यानं वाचलं. "ज्याच्या खांद्यावर दोन पोरं बसत."

सोतेरोनं बोट उचललं नाही.

"पुन्हा वाच," तो म्हणाला.